सही करताना हात का थरथरतो?

प्रश्न : चारचौघांत बोलायला मला काहीच वाटत नाही. पण कुणी बघत असताना सही करायची किंवा पाण्याचा पेला उचलायचा म्हटलं की हात कापतो. एकटं असताना असं होत नाही. हा लाजाळूपणा की आणखी काही?

उत्तर : हे सामाजिक चिंतेचंच, म्हणजे लोक बघतील, नावं ठेवतील या भीतीचंच एक रूप दिसतं. ती सगळ्यांना सारखी छळत नाही. कुणाला फक्त मंचावर घाम फुटतो, एरवी तोच माणूस गप्पांत रंगतो. कुणाला इतरांसमोर घास गिळवत नाही, कुणाला सार्वजनिक स्वच्छतागृहात लघवी होत नाही. काहींना जवळपास प्रत्येक भेटीगाठीचा धसका असतो. त्यांचे शिक्षण-नोकरीचे निर्णयही त्या धसक्यापायी होतात, हे फार वाईट. लाजाळू माणूस थोड्या वेळाने मोकळा होतो. भीती सहा महिने टिकली आणि कामं टळू लागली, तर मात्र दुर्लक्ष करू नये.

थरथर दिसू नये म्हणून तुम्ही पेला घट्ट आवळत असाल, कोपर अंगाशी दाबत असाल, नजर हातावर खिळवत असाल. घोळ होतो तो इथेच. आवळलेला हात जास्तच कापतो. पाणी सांडलं नाही, तरी मन म्हणतं, ‘घट्ट धरला म्हणून निभावलं.’ भीती जागची हलत नाही.

ही भीती घालवायला सराव करायचा. त्याआधी लिहून काढा : नेमकं काय होईल असं वाटतंय, आणि भीती ० ते १०० मध्ये किती? मग ओळखीच्या एका माणसासमोर नेहमीइतका भरलेला पेला सैल हाताने उचला. अर्धाच भरणं ही पळवाट झाली. नजर समोरच्याच्या चेहऱ्यावर ठेवा. प्रत्यक्षात काय झालं तेही लिहा. अंदाज खोटा ठरतोय हे पटेपर्यंत तीच पायरी पुन्हा पुन्हा करा, मग दोघांसमोर, मग अनोळखी लोकांत. शेवटी मुद्दाम हात हलवून थोडं पाणी सांडा. ही पायरी बहुतेकजण गाळतात. तुम्ही गाळू नका, कारण सांडल्यावरही आभाळ कोसळत नाही हे तिथेच कळतं.

एकट्याने जमत नसेल तर कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलणारी उपचारपद्धती) देणारे मानसोपचारतज्ज्ञ गाठा. प्रोप्रानोलोलने थरथर तात्पुरती कमी होते, पण ती गोळी दम्याच्या रुग्णांना चालत नाही, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. एकटं असतानाही हात कापू लागला, तर थायरॉइड तपासून घ्या.