‘इस्त्री करणे’ की ‘इस्त्रीने दाबणे’? क्विल्टच्या शिवणींविषयी

कापडाचे तुकडे जोडून क्विल्टचा (गोधडीसारख्या थरांच्या पांघरुणाचा) वरचा थर कसा शिवावा, याच्या इंग्रजी सूचना मराठीत आणताना ‘प्रेस’ आणि ‘आयर्न’ या दोन्ही क्रियापदांसाठी ‘इस्त्री करणे’ चालेल का, आणि ‘प्रेस ओपन’ला ‘शिवण उघडून इस्त्री करा’ म्हणावे का, असा प्रश्न आला आहे. माझ्या मते पहिल्या ठिकाणी अर्थ पुसट होतो आणि दुसऱ्या ठिकाणी तो चक्क उलटू शकतो.

‘आयर्न’ म्हणजे चुण्या घालवण्यासाठी इस्त्री कापडावरून मागे-पुढे सरकवणे. ‘प्रेस’ म्हणजे ती शिवणीवर टेकवणे, क्षणभर दाबणे, उचलणे आणि मग पुढच्या जागी ठेवणे. तुकडे जोडताना हा भेद पाळावाच लागतो, कारण चौकोन कर्णरेषेवर कापून केलेल्या त्रिकोणांची एक कड उरेब, म्हणजे कापडाच्या विणीला तिरकी, असते आणि सरकत्या इस्त्रीने, त्यातही वाफेच्या, ती सहज ताणली जाते. मग चौकोन पुन्हा चौकोन राहत नाही. मराठीत यासाठी नवा शब्द घडवण्याचे कारण नाही. ‘इस्त्री फिरवणे’ आणि ‘इस्त्रीने दाबणे’ हे दोन प्रयोग आपल्याकडे आहेतच. दोन्ही क्रिया झाकून टाकणारे ‘करणे’ तेवढे टाळावे. (‘इस्त्री’ची व्युत्पत्ती पोर्तुगीजमधल्या ‘ताणणे’ या अर्थाच्या ‘एस्तिरार’ या क्रियापदाशी जोडली जाते, म्हणजे येथे जे करायचे नाही नेमके तेच तिच्या नावात आहे!)

आता दुसरा प्रश्न. ‘शिवण उघडा’ असे वाचल्यावर बहुतेक मराठी वाचक ती उसवायला घेतील. मुळात वळवायची किंवा उघडायची असते ती शिवण नव्हेच. शिवणीच्या बाहेर, उलट बाजूला उरलेली कापडाची पट्टी वळवायची असते आणि तिला शिवणकामात ‘माया’ हा नेमका शब्द आहे. इंग्रजीत ‘सीम’ म्हणून दोन्हींचे काम भागवले जाते, ते आपण उसने घेऊ नये. म्हणून ‘माया दोन्हीकडे फाकवून इस्त्रीने दाबावी’ आणि ‘माया गडद कापडाकडे वळवून दाबावी’ अशी वाक्ये मी सुचवीन.

गडद कापडाकडेच का, तर फिक्या कापडाखालून मायेची गडद कड दिसू नये म्हणून. याहून मोठा फायदा सांध्याच्या ठिकाणी मिळतो. एका ओळीतील माया उजवीकडे आणि तिच्या खालच्या ओळीतील डावीकडे वळवली, तर दोन ओळी जोडताना समोरासमोरच्या माया एकमेकींना टेकून बसतात आणि चारही कोपरे नेमके जुळतात. इंग्रजीत याला पक्ष्याच्या घरट्यावरून आलेला शब्द आहे. त्याचे शब्दशः भाषांतर न करता ‘शिवणी एकमेकींत बसवणे’ म्हटले की काम होते. माया फाकवली तर ही सोय जाते, आणि हाताने धावदोरा घालून जोडलेल्या तुकड्यांत टाक्यांवर ताणही अधिक येतो. मात्र आठ टोके एका बिंदूत येणाऱ्या ताऱ्यासारख्या नक्षीत तेथे जाड गाठ होऊ नये म्हणून फाकवणेच बरे.

सूचनांमध्ये ‘सेट द सीम’ असेही आढळते. माया वळवण्यापूर्वी शिवण आहे तशीच एकदा दाबली की दोरा कापडात बसतो, म्हणून येथे ‘टाके बसवणे’ पुरेसे आहे. त्यानंतर सुलट बाजूने दाबताना शिवणीलगत बारीक घडी राहू देऊ नये, हेही भाषांतरात स्पष्ट यावे. अडीच इंचाचे दोन चौकोन पाव इंच माया ठेवून जोडले तर जोडाची रुंदी साडेचार इंच भरली पाहिजे. घडी राहिली की ती कमी भरते आणि अशा अनेक शिवणी झाल्यावर ओळी एकमेकींशी जुळत नाहीत. मूळ इंग्रजी सूचनेत हे कित्येकदा ‘प्रेस वेल’ एवढ्यावरच उरकलेले असते. त्याचे ‘चांगली इस्त्री करा’ असे भाषांतर केले तर वाचक ती जोर लावून फिरवील. त्यापेक्षा ‘शिवणीलगत घडी न ठेवता, इस्त्री न सरकवता दाबावे’ असे सविस्तर लिहिणे योग्य.