टर्बो गाडीची पॉवर वाढवायचीय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न: दादा, माझी 2023 ची फोक्सवॅगन वर्टस 1.0 टीएसआय (टर्बो पेट्रोल) मॅन्युअल आहे, रोज सातारा-वाई आणि महिन्यातून दोनदा पुणे. ट्यूनरने स्टेज 1 रिमॅप, डंप व्हॉल्व्ह, कोल्ड एअर इनटेक आणि डाउनपाइप असं पॅकेज सांगितलंय. गाडी अजून खूप वर्षं ठेवायचीय. यातलं काय करून घेऊ?
– एक वाचक, सातारा

उत्तर: खूप वर्षं ठेवायचीय हे लिहिलंत ते बरं केलंत, सगळं त्यावरच ठरतं. डंप व्हॉल्व्ह, म्हणजे टर्बोची जादा हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह, राहू दे, फुस्स आवाजापलीकडे त्यातून काही मिळत नाही. डाउनपाइप म्हणजे टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप, तो बदलताना धूर स्वच्छ करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर काढला जाणार असेल तर पीयूसीचा आणि कायद्याचा दोन्ही त्रास, अजिबात नको. इनटेकने, म्हणजे इंजिनला हवा देणारा पाइप-फिल्टर बदलून, स्टॉक (कंपनीच्या) टर्बोवर जाणवेल असा फरक पडत नाही, ते पैसे चांगले टायर, ब्रेक पॅड आणि ताजं ब्रेक फ्लुइड यात घाला, खंबाटकी उतरताना तेच कामाला येतं.

आता रिमॅप, म्हणजे ईसीयूचं (इंजिनच्या कॉम्प्युटरचं) सॉफ्टवेअर बदलणं; स्टेज 1 म्हणजे बाकी पार्ट तेच ठेवून. कंपनीने या इंजिनला 115 पीएस पॉवर आणि 178 एनएम टॉर्क (फिरवण्याचा जोर) दिलेत, आणि तुमचा गिअरबॉक्स एमक्यू200 फॅमिलीतला, म्हणजे त्याचं रेटिंगच साधारण 200 एनएमचं. सगळे पीएसचा आकडा विचारतात, पण क्लच आणि गिअरबॉक्सवर खरा ताण येतो तो टॉर्कचा, त्यातही खालच्या आरपीएमला एकदम येणाऱ्या टॉर्कचा. घाटात सहाव्या गिअरला, इंजिन जेमतेम पंधराशेवर असताना कोणी पाय पूर्ण दाबला तर छोट्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बोमध्ये स्पार्क पडायच्या आधीच मिश्रण पेटू शकतं, त्याला एलएसपीआय म्हणतात, आणि जोरात झालं तर पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटते. रिमॅपने नेमका तिथलाच टॉर्क वाढवला तर धोका वाढतो. म्हणून ट्यूनरला स्पष्ट सांगा की अडीच हजारच्या खाली जवळपास स्टॉकच ठेव, कमाल टॉर्क 200 च्या आत ठेव आणि जे वाढवायचं ते वर चार हजारनंतर वाढव. गाडी तशीही मस्त पळेल.

मॅप कुठल्या पेट्रोलसाठी लिहिलाय तेही विचारा. जास्त ऑक्टेनसाठी लिहिलेल्या मॅपवर कमी ऑक्टेनचं पेट्रोल टाकलं की नॉक होणार, म्हणजे मिश्रण चुकीच्या वेळी पेटून ठोके बसणार, मग ईसीयू टायमिंग (स्पार्कची वेळ) मागे घेणार आणि पैसे देऊन घेतलेली पॉवर तिथेच गेली. तुमच्या रूटवर ते जास्त ऑक्टेनचं पेट्रोल रोज मिळत नसेल तर साध्या पेट्रोलचाच मॅप घ्या.

त्याआधी प्लग बदला, बूस्ट लीक (टर्बोची दाबलेली हवा कुठे गळतेय का) चेक करून घ्या, आणि ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या व्हीडब्ल्यू ग्रेडचंच पण 15,000 किमीची वाट न बघता सात-आठ हजारला बदलत जा. वॉरंटी अजून चालू असेल तर ती संपेपर्यंत थांबलात तरी चालेल, कारण ईसीयूत नवं सॉफ्टवेअर टाकलेलं सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरवर दिसू शकतं. इन्शुरन्स कंपनीलाही लेखी कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी अडकाल.

आणि पैसे द्यायच्या आधी लॉग, म्हणजे गाडी चालवताना ईसीयूने नोंदवलेले आकडे, मागा, रिमॅपच्या आधीचा आणि नंतरचा. तिसऱ्या गिअरला दोन हजारपासून पाच हजारपर्यंत फुल थ्रॉटल, त्यात प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग किती मागे जातंय, इनटेकच्या हवेचं टेम्परेचर किती चढतंय आणि मागितलेला बूस्ट व मिळालेला बूस्ट जुळतोय का, एवढं बघायचं. एकाच सिलिंडरचं टायमिंग दर वेळी चार-पाच डिग्री मागे जात असेल तर तो मॅप परत द्या. लॉग दाखवायलाच जो नाही म्हणतो त्याच्याकडे गाडी ठेवू नका.