डोळ्यांकडेच्या सुरकुत्यांवर पेप्टाइडचे सीरम खरेच उपयोगी पडते का?

म्हापसा ते पणजी रोज स्कूटरने जाता, वय ४५ आहे आणि डोळ्यांच्या कडांना बारीक रेषा दिसू लागल्या आहेत, असे आपण लिहिले आहे. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी; तिचा उपयोग होतो, परंतु माफक, आणि तोही साधारण १२ आठवडे नियमित लावल्यावर.

डबीवर ‘पाल्मिटॉइल पेंटापेप्टाइड-४’ हे नाव शोधावे. हा कोलॅजेनच्या, म्हणजे त्वचेला घट्टपणा देणाऱ्या प्रथिनाच्या, पूर्वरूपातील पाच अमिनो आम्लांचा तुकडा असून, कोलॅजेन झिजल्याचा संकेत समजून पेशींनी नवे कोलॅजेन बनवावे, अशी त्यामागची कल्पना आहे; त्याला जोडलेले मेदाम्ल त्वचेत शिरण्यास मदत करते. ‘आर्जिरेलिन’ या दुसऱ्या पेप्टाइडला मात्र स्नायू सैल करणाऱ्या बोटॉक्सचा पर्याय मानू नये, कारण बोटॉक्स सुईने थेट स्नायूत जाते, तर वरून लावलेले पेप्टाइड तिथवर फारच थोडे पोहोचते. रेटिनॉइडमागचा (‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातील द्रव्यांमागचा) पुरावा याहून भक्कम आहे, पण ते गरोदरपणात वर्ज्य.

आणि कळकळीने सांगतो, मांडवीच्या पुलावरचे ऊन अंगावर घेत सनस्क्रीनशिवाय महागडे सीरम लावणे व्यर्थ आहे. किमान एसपीएफ ३० चे सनस्क्रीन निघण्यापूर्वी लावावे, पावसाळ्यातील ढगाळ दिवशीसुद्धा, आणि घामाने पुसले गेल्यास पुन्हा लावावे.