पहाटेच्या छायाचित्रांतील दाणे

प्रश्न : नांदूरमध्यमेश्वर येथे पहाटे टिपलेल्या जांभळ्या पाणकोंबडीच्या छायाचित्रांत दाणे (नॉइज, म्हणजे बारीक खरखरीत ठिपके) फार दिसतात. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) ६४०० ऐवजी १६०० ठेवून पाहिले, पण संगणकावर चित्र उजळताच दाणे पुन्हा उमटले. काय करावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दाण्यांचे मूळ कारण आयएसओचा आकडा नसून सेन्सरपर्यंत (कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणाऱ्या भागापर्यंत) पोहोचलेला अपुरा प्रकाश हे आहे, म्हणूनच आयएसओ कमी ठेवून काळपट टिपलेले चित्र नंतर उजळले की सावलीतले दाणे उलट अधिकच उठून दिसतात. आपण शटरचा वेग १/२००० सेकंद ठेवला असल्यास, पाणवनस्पतींत संथपणे चरणाऱ्या पक्ष्यासाठी तो १/५०० वर आणावा, म्हणजे चौपट प्रकाश मिळेल. उडत्या पक्ष्यासाठी मात्र वेग कमी करू नये, कारण दाणे पुसता येतात, हललेले चित्र सावरता येत नाही. चित्रे रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपात घ्यावीत. दाणे कमी करताना मागच्या धूसर पाण्यावर हात सैल सोडावा, पण पिसांवर अगदी बेताने, कारण मेणासारखा गुळगुळीत झालेला पक्षी मला दाणेदार पक्ष्यापेक्षा अधिक खटकतो.