आखाजीला माहेरी येऊ की नको?

इंग्लंडमधल्या लेस्टरहून पत्र आलंय. मुलगी अमळनेरची, पहिलटकरीण. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत वार, म्हणजे बाळाला पोसणारी प्लॅसेंटा, खाली निघाली, तिची कड गर्भाशयाच्या तोंडापासून १२ मिलिमीटरवर. दवाखान्यात 'बत्तिसाव्या आठवड्यात पुन्हा बघू' एवढंच सांगून घरी पाठवलं. इकडे माय म्हणते, आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ये, ओटी भरू, बाळंतपणही इथंच करू. तिकिटं काढू का, असं तिनं विचारलंय.

बेटा, त्यांनी तुझ्याकडे दुर्लक्ष केलेलं नाही. कड २० मिलिमीटरच्या आत असली की वार खाली आहे असं म्हणतात. विसाव्या आठवड्यात असं निघालेल्या दहापैकी साधारण नऊ जणींची वार दिवस भरेपर्यंत वर गेलेली असते. वार जागा सोडून चालत नाही. शेवटच्या महिन्यांत गर्भाशयाचा खालचा भाग ताणून मोठा होतो आणि मधलं अंतर वाढतं. म्हणून थांबायला सांगितलंय. ती पुढची सोनोग्राफी आतून करतील. घाबरू नकोस, ती सुरक्षित असते आणि अंतर तिच्यातच नीट मोजता येतं.

माझ्या थोरल्याच्या वेळी माझीही वार खाली होती. आईनं खाटेच्या पायथ्याकडच्या खुरांखाली दोन-दोन विटा सरकवल्या. रात्री मी उशाकडे घसरायची, आई उठून मला पुन्हा खाली ओढायची. आठव्या महिन्यात वार वर गेलेली दिसली आणि ती विटांनीच नेली, असं आई शेवटपर्यंत सांगायची. तिची ती जागरणं मी विसरलेले नाही. पण विटांनी, उशांनी किंवा पडून राहिल्यानं वार वर जात नाही, हे तुला सांगायलाच हवं. रक्त जात नसेल आणि डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर घरात हिंडती-फिरती राहा. नुसतं पडून राहिलं की पायात गुठळ्या होण्याची भीती वाढते. लोहाची गोळी चुकवू नकोस, आणि ती चहासोबत घेऊ नकोस. पुढे रक्त गेलंच, तर अंगात आधीचं रक्त चांगलं असणं फार उपयोगी पडतं.

आता आखाजीचं. तेव्हा तुला तिसावा आठवडा असेल. बऱ्याच विमान कंपन्या चिठ्ठी दाखवली की तेव्हाही बसू देतात. पण वार खाली असताना रक्त अचानक जातं, लालभडक, आणि बहुधा काही दुखत नाही. ते विमानात झालं तर? मुंबईहून रात्रीच्या गाडीत, नंदुरबार आणि दोंडाईच्याच्या मधे झालं तर? घरी सुखरूप पोचलीस, तरी अशा वेळी रक्त, भूल देणारे डॉक्टर आणि कमी दिवसांच्या बाळाची काचेची पेटी एकाच छताखाली लागते. त्यासाठी अपरात्री धुळे नाहीतर जळगाव गाठावं लागू शकतं. झोके बांधलेले असतील, मैत्रिणी आलेल्या असतील आणि तू नसशील, हे किती लागतं ते मी जाणते. तरी माझं मत स्पष्ट आहे. तू येऊ नकोस, मायला बोलाव. व्हिजिटर व्हिसावर तिला सहा महिन्यांपर्यंत राहता येईल. अर्ज याच आठवड्यात करा.

प्रसूती विभागाचा चोवीस तासांचा नंबर फ्रिजवर लाव. रक्त दिसलं की, थोडं असो वा थांबलेलं असो, त्याच तासाला फोन कर. जास्त असेल तर थेट ९९९. 'दुखत नाहीये, सकाळी बघू' असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. आणि तपासणाऱ्याला पहिलं वाक्य हेच सांग, 'माझी वार खाली आहे', म्हणजे सोनोग्राफीआधी बोटानं आतून तपासणार नाहीत. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तेही सांग, इंजेक्शन लागतं. नवऱ्याबरोबर संबंध ठेवावेत का, हे दोघांनी मिळून विचारा. ही लाजण्याची वेळ नाही.

बत्तिसाव्या आठवड्यातही वार खालीच दिसली तर साधारण छत्तिसाव्यात पुन्हा बघतात. अंतर २० मिलिमीटरच्या वर गेलं की सहसा नैसर्गिक बाळंतपण होऊ शकतं. वार तोंडावरच असेल तर सीझर, तेही बहुधा छत्तीस-सदतीस आठवड्यांत, ठरवून. आधी सीझर झालेल्या वाचक बहिणींनो, तुमची वार जुन्या टाक्यांवर आहे का, हे मात्र आवर्जून विचारा. ती तिथं घट्ट रुतलेली असू शकते आणि मग तयारी वेगळी लागते.

मायला हे फोनवर तू एकटीनं सांगू नकोस. जावईबापूंनाही शेजारी बसव, त्यांनी सांगितलं की तिला धीर येईल. ओटी तिकडेच भरू दे. येताना दादर ज्वारी आणि उडदाचं कळण्याचं पीठ आणायला सांग. तूप मात्र नको, भारतातून दुधाचे पदार्थ तिकडे आणू देत नाहीत.