सोन्याकडे सगळ्यात शेवटी बघ

अगं, तुझा मेल काल दोनदा वाचला. अफगाणिस्तानातल्या बिमरानच्या सोन्याच्या करंडकावर, म्हणजे बुद्धाचे अवशेष ठेवायच्या त्या पात्रावर, लिहायला घेतलंस हे वाचून फार आनंद झाला. पण पहिल्याच पानावर तू सात वेळा सोनं, सोनेरी, सुवर्ण असं लिहिलंयस आणि ज्या दगडी डब्यात तो सापडला त्याला जेमतेम अर्धी ओळ दिलीयस, म्हणून लगेच लिहायला बसले.

सोनं कोणालाही भुलवतं, मलाही भुलवलं होतं. ब्रिटिश म्युझियममध्ये त्या काचेसमोर मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा आधी धक्का बसला तो आकाराचा, फोटोत एवढं मोठं वाटणारं ते पात्र जेमतेम ७ सेंटिमीटर उंच आहे गं, मुठीत मावेल असं. मग डोळे खिळले ते कामावर. पत्रा आतून ठोकून आकृत्या बाहेर उठवल्यात, वर-खाली गार्नेट म्हणजे आपले सोनार ज्याला तामडा म्हणतात ते लाल खडे, आणि मध्ये ओळीनं कमानी. कमानीखाली बुद्ध, एका बाजूला ब्रह्मा दुसऱ्या बाजूला इंद्र, आणखी एक हात जोडलेली आकृती, आणि हाच संच पुन्हा एकदा, अशा एकूण आठ. ती कमान नीट बघ हं, कार्ल्या-भाज्याला चैत्याच्या दर्शनी भागावर जी पिंपळपानी कमान दिसते तिच्याच घराण्यातली आहे, आणि खाली उभा बुद्ध मात्र एका पायावर भार टाकून, अंगावरच्या वस्त्राच्या चुण्या अगदी ग्रीक पुतळ्यासारख्या. तळाला कमळ आहे, ते काचेतून सहज दिसत नाही, त्याचा फोटो मुद्दाम शोध.

हे सगळं लिही, मनापासून लिही. पण त्याचं वय तुला सोनं सांगणार नाही.

वय सांगतात ते त्याचे शेजारी. चार्ल्स मॅसन, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतून पळालेला जेम्स लुईस, त्यानं १८३० च्या दशकात जलालाबादजवळच्या बिमरानचा दोन नंबरचा स्तूप उकरला तेव्हा करंडक संगजिऱ्याच्या दगडी डब्यात होता, करंडकाचं झाकण गायब होतं, सोबत मोती, मणी, आणि चार नाणी. डब्यावर खरोष्ठी लिपीत लिहिलंय की मुंजवंदाचा मुलगा शिवरक्षित यानं भगवंताच्या शरीरधातूंसह, म्हणजे बुद्धाच्या अवशेषांसह, हे दान सर्व बुद्धांच्या पूजेसाठी दिलं. किती मोठी गोष्ट आहे बघ, दोन हजार वर्षांपूर्वीचा एक माणूस, बापाच्या नावासकट, आणि त्याचं नाव सोन्यावर नाही, दगडावर आहे! तुझ्या ड्राफ्टमध्ये शिवरक्षित कुठेच नाही.

आता नाणी. त्यांच्यावर अझेस या शक राजाचं नाव, म्हणून बरीच वर्षं करंडक इसवी सनाच्या सुरुवातीच्या आसपासचा धरला आणि त्यावरचा बुद्ध सगळ्यात जुन्या मूर्तींमधला ठरला. पुढे नाणेतज्ज्ञांनी दाखवलं की ही नाणी अझेसच्या नावानं नंतरच्या स्थानिक क्षत्रपांनी, म्हणजे प्रांताच्या अधिपतींनी, पाडलेली असावीत, म्हणजे काळ पहिल्या शतकात आणखी पुढे सरकतो. वाद अजून चालू आहे. म्हणून "सर्वात प्राचीन बुद्धमूर्ती" हे तुझं वाक्य काढून टाक, प्लीज. मी सुरुवातीला एका संग्रहालयासाठी लेबलं लिहायचे तेव्हा एकाच नाण्यावर विसंबून असं ठाम वाक्य लिहिलं होतं आणि ते लेबल कित्येक वर्षं तसंच लटकत राहिलं, शाळेची मुलं वहीत उतरवून घ्यायची, ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

एक नाणं कसं चकवतं ते बघायला अफगाणिस्तानात जायची गरज नाही. १८८२ मध्ये पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी मुंबईजवळच्या सोपाऱ्याचा स्तूप, गावकरी ज्याला बुरूड राजाचा कोट म्हणायचे तो, उघडला तेव्हा दगडी पेटीत तांब्याचा डबा, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सगळ्यात आत सोन्याची डबी निघाली, आणि डबीत काय तर मातीच्या भांड्याचे बारके तुकडे, भगवानलालांच्या मते बुद्धाच्या भिक्षापात्राचे. सोबत सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं, म्हणजे दुसरं शतक. पण तांब्याच्या डब्याभोवती बसवलेल्या आठ छोट्या बुद्धमूर्ती शैलीवरून त्यानंतर काही शतकांच्या! म्हणजे स्तूप मध्ये कधीतरी पुन्हा उघडला असणार. नुसतं नाणं बघितलं असतं तर हे कळलंच नसतं.

तेव्हा ड्राफ्ट उलटा कर. दगडी डबा आधी, मग शिवरक्षित, मग नाणी, मग हरवलेलं झाकण, आणि सोनं शेवटी येऊ दे. आणि एखाद्या रविवारी विरार लोकल पकडून नालासोपाऱ्याला उतर, तो स्तूप बघून ये, मग दुसरा ड्राफ्ट पाठव. मी वाट बघतेय.