आम्ही बारा जण मे महिन्यात पहिल्यांदाच बीजिंगला पाच दिवस जातोय. चौघे साठीच्या पुढचे, निम्मे शाकाहारी. टूर कंपनीशिवाय जमेल का?

जमेल. भाषेची भीती बाळगू नका, फोनवरचं भाषांतर तेवढं काम निभावून नेतं. बीजिंगमध्ये ग्रुपची फजिती होते ती दोन गोष्टींमुळे: पासपोर्टला जोडलेली बुकिंगं आणि नकाशावर छोटी वाटणारी अंतरं.

आधी तारखा. १ ते ५ मे तिथे कामगार दिनाची सुट्टी असते आणि अख्खा देश फिरायला निघतो. ते दिवस पूर्ण टाळा, ८ मेच्या पुढे जा. दिवसा २५-२७ अंश आणि कोरडी हवा, ज्येष्ठांना याहून चांगला काळ नाही. चीनची ट्रान्झिटमधली २४० तासांची व्हिसामाफी भारतीय पासपोर्टला लागू नाही, त्यामुळे एल प्रकारचा पर्यटक व्हिसा काढावाच लागेल. एजंट ग्रुप व्हिसा सुचवेल. त्यात सगळ्यांची नावं एकाच कागदावर येतात आणि सगळ्यांना एकत्रच आत-बाहेर करावं लागतं. एखाद्याला मध्येच परत यावं लागलं तर सगळेच अडकतात. ज्येष्ठ सोबत आहेत म्हणून मी प्रत्येकाचा स्वतंत्र व्हिसा काढा असंच सांगेन.

तुमची सगळी सहल फॉरबिडन सिटीच्या तिकिटाभोवती रचा, कारण तेच सगळ्यात अवघड. सोमवारी तो राजवाडा बंद असतो. तिकीट नावानं आणि पासपोर्ट नंबरानं निघतं, भेटीच्या सात दिवस आधी, बीजिंगच्या रात्री आठ वाजता, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला. सकाळचा स्लॉट पटकन संपतो. एकट्यानं बारा जणांची माहिती भरत बसू नका. तीन-चार जणांनी आधीच खाती उघडून, नावं पासपोर्टवर आहेत त्याच क्रमानं लिहून तयार ठेवा आणि साडेपाचला आपापले तीन-चार जण बुक करा. आडनाव-नावाची अदलाबदल किंवा नंबरातला एक चुकीचा अंक, एवढ्यावरून माणूस गेटवर अडतो. एप्रिल ते ऑक्टोबर तिकीट ६० युआन (एक युआन साधारण १२-१३ रुपये). तिआनानमेन चौक फुकट आहे, पण त्याचं बुकिंग वेगळं करावं लागतं. राजवाड्याच्या तिकिटावर चौकात सोडत नाहीत.

त्या दिवशी मूळ पासपोर्ट प्रत्येकाच्या स्वतःच्या खिशात हवा. झेरॉक्स चालत नाही, आणि सगळे पासपोर्ट एकाच्या बॅगेत ठेवायची आपली सवय इथे नडते. तिआनानमेनच्या तपासणीच्या रांगेत अर्धा-पाऊण तास सहज जातो, म्हणून स्लॉटच्या दीड तास आधी तिथे पोचा. राजवाड्यात फक्त दक्षिणेच्या मेरिडियन गेटनं शिरता येतं, बाहेर पडायचं उत्तरेकडून किंवा पूर्वेकडून. उलट चालता येत नाही, त्यामुळे 'गेटपाशी परत भेटू' हे ठरवण्यात अर्थ नाही. भेटायची जागा उत्तरेचं शनवू गेट ठेवा. राजवाडा दक्षिणोत्तर जवळजवळ एक किलोमीटर आहे, बाजूची दालनं धरली की तीन-चार किलोमीटर चाल होते, तीही दगडी फरशीवर आणि उंबरे ओलांडत. उत्तर गेटसमोरच जिंगशान टेकडी आहे, तिकीट २ युआन. खंदक खणताना निघालेल्या मातीची ती टेकडी. वरून राजवाड्याची सगळी पिवळी छपरं एका नजरेत दिसतात. ज्यांचे पाय दुखत असतील त्यांनी खालच्या बागेत बसावं, पण बाकीच्यांनी चढाच. त्या दिवशी दुसरं काहीही ठेवू नका.

चीनच्या भिंतीसाठी बादालिंगपेक्षा मुतिआन्यूचा भाग निवडा. शहरापासून ७० किलोमीटरच्या आसपास, गर्दी कमी. सोमवार मध्ये येत असेल तर तो भिंतीला द्या. बारा जणांना चालकासह मिनीबस ठरवणं बसेस बदलण्यापेक्षा सोपं, कारण सकाळी सातला निघता येतं. ठरवताना 'वाटेत एकही दुकान नको' हे लेखी घ्या. स्वस्त टूरमध्ये जेड, रेशीम नाहीतर मोत्यांच्या दुकानांत दोन-तीन तास जातात आणि भिंतीवर तेवढेच कमी मिळतात. वर जायला दोन सोयी आहेत. बंदिस्त केबल कार १४ नंबरच्या बुरुजापाशी सोडते, उघडी चेअरलिफ्ट ६ नंबरपाशी, आणि घसरगाडी तिथूनच खाली येते. दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांच्या, एकीचं तिकीट दुसरीत चालत नाही. अर्धे इकडून, अर्धे तिकडून गेले की मधल्या आठ बुरुजांच्या पायऱ्यांमुळे ग्रुप फुटतो. ज्येष्ठांसाठी केबल कारचं जाऊन-येऊन तिकीट काढा. तरुणांनी १४ वरून २० नंबरपर्यंत जाऊन यावं. शेवटचा चढ उभा आहे, पण भिंतीचं खरं रूप तिथूनच दिसतं.

राहायला छोंगवेनमेन स्टेशनजवळ हॉटेल बघा. मेट्रोच्या २ आणि ५ नंबरच्या लाइन तिथे मिळतात, टेंपल ऑफ हेवनचा पूर्व दरवाजा दोन स्टेशनांवर आणि लामा टेंपल त्याच ५ नंबरवर. टेंपल ऑफ हेवनला सकाळी लवकर जा, बागेत पत्ते खेळणारे, ताय ची करणारे आजी-आजोबा भेटतात आणि तुमच्या ज्येष्ठांना ते बघायला फार आवडेल. समर पॅलेसला मात्र नकाशा बेइगोंगमेन स्टेशनवर उतरायला सांगेल. तिथून शिरलं की लगेच टेकडीचा चढ लागतो. त्याऐवजी शीयुआनला उतरून पूर्व दरवाज्यानं जा, तळ्याकाठी सपाट वाट आहे. मेट्रोचं भाडं ३ युआनपासून. प्रत्येक स्टेशनवर बॅगा तपासतात, त्यामुळे बारा जणांना दहा मिनिटं जास्त धरा. टॅक्सीत चारच प्रवासी बसतात.

पैसे आणि फोन घरूनच तयार करून निघा. यूपीआय आणि रुपे कार्डाच्या भरवशावर जाऊ नका. अलीपे या तिथल्या फोनवरून पैसे द्यायच्या ॲपमध्ये व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा, बँकेत कार्डाचे परदेशी व्यवहार सुरू करा. ओटीपी भारतीय नंबरवर येतो, म्हणून निदान एसएमएस येईल एवढं रोमिंग हवंच. २०० युआनच्या वरच्या व्यवहारावर ३ टक्के शुल्क लागतं. दोघा-तिघांकडे थोडी रोकडही असू द्या. व्हॉट्सॲप आणि गूगल हॉटेलच्या वायफायवर उघडत नाहीत, भारतीय सिमच्या रोमिंगवर चालतात. म्हणजे निम्म्यांना निरोप मिळतो, निम्म्यांना नाही. चिनी वीचॅटवर भारतात २०२० पासून बंदी आहे, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका, सगळ्यांनीच भारतीय सिमचं डेटा रोमिंग घ्या.

ग्वांगझू किंवा शांघायमार्गे जात असाल तर पुढच्या देशांतर्गत विमानात ३सी हे चीनचं सुरक्षा-प्रमाणपत्राचं चिन्ह नसलेली पॉवर बँक नेता येत नाही. २८ जून २०२५ पासूनचा नियम आहे, आणि आपल्याकडच्या बहुतेक पॉवर बँकांवर ते चिन्ह नसतं.

जेवणाचं. 'भाजी' मागवली तरी त्यात डुकराची चरबी, कोंबडीचा रस्सा किंवा ऑयस्टर सॉस असू शकतो. फरसबीच्या परतलेल्या शेंगांत आणि मापो तोफूत बहुधा खिमा असतो. 'मी शाकाहारी' एवढं पुरत नाही. 'मांस, मासे, चरबी, मांसाचा रस्सा आणि ऑयस्टर सॉस नको' असं चिनीत लिहिलेलं चित्र प्रत्येकाच्या फोनमध्ये ठेवा. अंडं चालत असेल तर टोमॅटो-अंडं सगळीकडे मिळतं. दी सान शिएन म्हणजे बटाटा, वांगं आणि ढोबळी मिरची, तूदौ सी म्हणजे बटाट्याच्या परतलेल्या सळ्या, दोन्ही भाताबरोबर छान लागतात. हॉटेलच्या खोलीत किटली असते, तेव्हा गरम पाण्यात होणारे पोहे-उपमा सोबत घ्या. पेढे, दुधाचे पदार्थ आणि ताजी फळं मात्र नेऊ नका, कस्टममध्ये काढून घेतात.

आणखी एक. तिआनानमेन किंवा वांगफूजिंगच्या बाजारात गोड इंग्रजी बोलणारी तरुण मंडळी चहाला किंवा चित्रप्रदर्शनाला बोलावतील. नम्रपणे नकार देऊन पुढे चला, चहाचं बिल हजारो युआनांचं येतं.